भिंतीपलीकडची माय

ती. आबांस,

सुमनचा नमस्कार.

काल तुमचा दहावा झाला आणि तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. गिरणा नदीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही असोद्याला परत आलो, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. तोंडावर कुणी बोललं नाही. मागच्या बाजूने कुणीतरी म्हणालंच, "मास्तरीन झाली ना. तिले आता मेल्या मानसाचीबी भीती नाही राह्यली."

ते खरं आहे. काल पहिल्यांदा मला तुमची भीती वाटली नाही. म्हणून आज हे लिहायला बसले. जळगावला परत आले आहे, बालवाडी सुटली आहे, मुलं घरी गेली आहेत. तुम्ही होतात तोवर तुमच्यापुढे मला धड बोलता आलं नाही. मी जरा सुरुवात केली की तुम्ही "हं, पुढे?" म्हणायचात आणि माझं पुढचं सगळं पुसलं जायचं. आता तुम्ही "हं" म्हणू शकत नाही. तर ऐका.

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना खाटेभोवती बोलावलंत. वसंतच्या लग्नाचं बोललात, विहिरीवरच्या मोटरीचं बोललात. आणि मग म्हणालात, "मधूची छबी शालूच्या ओटीत घाला. माहा जीव त्याच्यात हाये."

शालू तुमची थोरली लेक, पाचोऱ्याला दिलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला मूल नाही, याचं दुःख आम्हाला सगळ्यांना आहे. पण छबी माझ्या भावाची मुलगी, जेमतेम दीड वर्षाची. मधू तुमच्या उशाशीच उभा होता. त्याला तुम्ही विचारलं नाही, सांगितलंत. वर म्हणालात, "पोरगीच तर हाये. पुढे दुसरं होईन."

आबा, मधूसमोर? जगातल्या सगळ्या माणसांत मधूसमोर? बोलताना तुम्हाला काहीच आठवलं नाही?

नसेल आठवलं तर मी आठवण करून देते.

तुम्हाला मुलीच मुली झाल्या. मुलगा हवा म्हणून तुम्ही आमच्या भाऊंचा, माझ्या वडिलांचा, धाकटा मागितलात. मागितलात म्हणजे काय, भाऊंना ओट्यावर बोलावून दिवस सांगितलात. भाऊ तुमचे सख्खे धाकटे भाऊ, पण तुमच्यापुढे त्यांचा हात कायम पाठीमागे बांधलेला. ते "बरं" म्हणाले आणि घरात येऊन पाणी प्यायले. माय तर तुमच्याशी बोलतच नसे. थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती दाराआड उभी राहिली. ज्या बाईचं मूल न्यायचं, तिने बोलायचंच नाही, अशी ही रीत! किती सोयीची होती ना?

मधू तेव्हा नुकता दोन वर्षांचा झाला होता. मी प्राथमिक शाळेत होते, मला सगळं लख्ख आठवतं. त्याला नवं झबलं घातलं, टोपी घातली, कपाळाला कुंकू लावलं. मोठ्या मायने, तुमच्या बायकोने, पाटावर बसून ओटी पसरली. त्यात तांदूळ होते, नारळ होता आणि त्यांच्यावर मधूला बसवायचं होतं. त्याने आमच्या मायचा पदर मुठीत धरला होता. त्याला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. तो हसत होता, आबा. तुम्ही त्याची बोटं एकेक करून सोडवलीत आणि म्हणालात, "चला, झालं."

काय झालं?

तुमचं घर आणि आमचं घर, मध्ये एक भिंत. आजोबांनी दोघा भावांना वाटून दिलेलं एकच घर ते. तुमची चूल भिंतीच्या त्या अंगाला, आमची या अंगाला. तुम्हाला वाटलं, किती बरं आहे, पोरगं लांब कुठे जात नाही. आणि तुम्ही हुकूम सोडलात: मायने त्याला घ्यायचं नाही. तो अंगणात आला तर तोंड फिरवायचं. मोठ्याने बोलायचं नाही, आवाज ऐकला की तो रडतो. "वासरू तोडतो ना आपन दुधावरून, तसंच हाये हे. सवय मोडली का रमते."

सवय! आईला तुम्ही सवय म्हणालात.

मायने तुमचा हुकूम पाळला. तिने आमच्याशी बोलणं कमी केलं. हाक मारायची तर ती टाळी वाजवायची. पण भाकरी कशी करणार गुपचूप? सकाळी ती परातीत भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "माय... ए माय..." आधी हाक, मग रडणं, मग भिंतीवर लहान तळहातांचे फटके. आणि मोठ्या मायचा आवाज, "मी हाये ना तुही माय, इकडे पाह्य." मग तुमचा आवाज. मग शांत.

तेव्हापासून माय बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून भाकरी थापायला लागली. हाताला रुतून वळ उठायचे. मी एकदा विचारलं, "माय, दुखत नाही का?" ती म्हणाली, "तू जेव."

काही दिवसांनी मधू रडायचा थांबला. तुम्ही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंत, "पाह्यलं? रमला पोऱ्या." सगळे म्हणाले, आबांना माणसाची पारख आहे. मोठी माय त्याला दूध देत होती, तूप देत होती, जीव लावत होती. तिला मी बोल लावत नाही. पण तो भिंतीला पाठ लावून बसायचा. जेवायचा तिथे, खेळायचा तिथे. हे तुमच्या घरात सगळ्यांना दिसत होतं. तुम्हालाही दिसत होतं. तुम्हाला त्यातून काय कळलं? काही नाही. रडत नाही ना, मग बरं आहे!

तुम्ही केळीवाले, आबा. कंद आईपासून कधी सोडवायचा, किती खोल खणायचं, हे तुमच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. गडी घाई करू लागला की तुम्ही ओरडायचात, "हळू रे, मुळी तुटली का तो कंद सालभर रुसते." सालभर! केळीच्या कंदाला तुम्ही सालभराची सूट देत होतात.

मग तुमचा वसंत झाला.

तुम्ही गावभर पेढे वाटलेत. बारसं झालं. त्यानंतर एका सकाळी तुम्ही मधूला हाताला धरून आमच्या दारात आणलंत. दुसऱ्या हातात त्याच्या कपड्यांचं गाठोडं होतं. भाऊंना म्हणालात, "घे. आता आपलं आपल्याकडे राहू दे." आणि मधूला म्हणालात, "जाय, तुही माय आत हाये."

तुम्हाला वाटलं तुम्ही परत दिलंत. भांडं नेलं, वापरलं, घासूनपुसून परत केलं. उलट तुमची तक्रार होती की मायच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

तो पाच वर्षांचा झाला होता. आमच्या मायला तो "काकू" म्हणाला. तुमच्याकडे त्याला तसंच शिकवलं होतं ना. ती चुलीपाशी बसली होती. तिने "ये" म्हणून हात पुढे केला, तर तो मागे सरकून दाराला चिकटला. आता मोठी माय भिंतीपलीकडे होती. भिंत तीच, फक्त माणसं बदलली. तो पुन्हा भिंतीला पाठ लावून बसला, या अंगाने.

त्यानंतरचा मधू तुम्हाला पुरता ठाऊक आहे, कारण त्यानंतर त्याला सुधारायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. भाकरीचा तुकडा चड्डीच्या खिशात लपवायचा. अंथरुणाखाली वाळलेल्या भाकरी सापडायच्या. ताट पडलं तर खाटेखाली जाऊन बसायचा. मोठ्याने कुणी बोललं तर पळायचा, नाहीतर मारायचा. अंथरूण ओलं करायचा. एखादी गोष्ट हवी म्हटली की त्याला थांबताच यायचं नाही. "जरा दम धर" हे शब्द ऐकले की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. पुष्कळ वेळा हेच ऐकून फसला होता तो. "दम धर, माय येईल." कोण आलं?

शाळेत मास्तर पाढे शिकवायचे आणि मधूचे कान दाराकडे. कुणी आलं का, कुणी न्यायला आलं का. मागच्या मुलाने खांद्याला हात लावला तर त्याने पाटी हाणली. मास्तरांनी तुम्हाला निरोप पाठवला, भाऊंना नाही. तुम्ही आलात आणि सगळ्या वर्गासमोर त्याला वेताने मारलंत. वसंतला त्याने ढकललं त्या दिवशी तर तुम्ही त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून ठेवलंत. "वळन लावाले पाहिजे. रक्तातच खोट हाये."

कुणाच्या रक्तात, आबा? तो तुमच्या सख्ख्या भावाचा मुलगा. रक्त तर तुमचंच!

मला आजही या एका वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो. माराचा नाही इतका. मार तर तेव्हा सगळीच माणसं मारत होती. पण तुम्ही दुखवलंत आणि वर सांगितलंत की हा जन्मतःच असा आहे. गावाने ते खरं मानलं, मास्तरांनी मानलं, आणि शेवटी मधूनेही मानलं. "मी वाईटच हाये," असं तो सहज बोलून जायचा, नाव सांगावं तसं.

आता तुमच्याबद्दलची एक खरी गोष्ट. बालवाडीच्या प्रशिक्षणासाठी मला धुळ्याला तुम्हीच पाठवलंत. भाऊ नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "पोरगी अबोल हाये, पन डोक्यानं चांगली हाये, जाऊ द्या तिले." एस.टी.त तुम्ही मला स्वतः बसवलंत आणि खिडकीतून केळीचा घड आत ढकललात. कंडक्टरशी भांडलात त्याच्यासाठी. तो घड मी वाटत वाटत धुळ्यापर्यंत नेला. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच जास्त राग येतो. तुम्हाला दुसऱ्याचं मन कळत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा तुम्ही ठेवली नाही.

धुळ्याला आम्हाला बालमन शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकदा त्या सांगत होत्या की पहिल्या काही वर्षांत मुलाच्या मेंदूची बांधणी फार झपाट्याने होते आणि रोज जे वाट्याला येईल त्याप्रमाणे ती होते. मूल घाबरलं, त्याला कुणी उचललं, थोपटलं, की त्याचं शरीर शांत होतं. असं पुन्हा पुन्हा झालं की हळूहळू ते स्वतःच स्वतःला थोपटायला शिकतं. रागाला आवर, हट्टाला आवर, थांबणं, वाट बघणं, हे सगळं आधी कुणाच्या तरी मांडीवर शिकावं लागतं. आणि ज्याला कुणी उचलत नाही, किंवा आज एक उचलतं आणि उद्या ते माणूसच नाहीसं होतं, त्याचं शरीर सतत जागं राहायला शिकतं. केळीच्या बागेतल्या राखणदारासारखं. पान हललं तरी तो काठी घेऊन उठतो. बाईंनी राखणदाराचं नाव घेतलं नव्हतं, ते मी माझ्या मनाशी म्हटलं. आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढे मधू आला, वर्गात दाराकडे कान लावून बसलेला.

बाई असंही म्हणाल्या की मूल रडायचं थांबलं म्हणजे सावरलंच असं समजू नका. कधी कधी त्याने फक्त आशा सोडलेली असते.

मी वर्गात कधी प्रश्न विचारत नसे. त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, "बाई, आणि आई भिंतीपलीकडेच असेल तर?"

बाईंना कळलं नाही. "भिंतीपलीकडे म्हणजे?"

मी खाली बसले. काय सांगणार होते?

सुट्टीत घरी आल्यावर मी धीर करून तुमच्याकडे आले होते. तुम्ही ओट्यावर सुपारी कातरत होतात. गावातली दोन-चार माणसं बसली होती. मी म्हटलं, "आबा, मधूच्या वागण्याला तो लहानपणी तुमच्याकडे दिला होता ना, तेच कारण असावं."

"दिला होता तं काय उपाशी ठेवला? दूध पाजलं, तूप खाऊ घातलं. मारलं का कोनी?"

"तेव्हा मारलं नाही. पण त्याच्या मेंदूवर त्या भीतीचा..."

"हं, पुढे?" तुम्ही अडकित्ता थांबवलात. "म्हंजे त्याच्या डोक्यात बिघाड हाये आन् तो म्या केला? मोटर हाये का ते, आबानं फ्यूज उडवला म्हनाले?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "आबा, धुळ्याले वायरमनचं शिकवतात काय बालवाडीत?" पुन्हा हसले. मी चहाचे कप गोळा करून आत गेले. मोठी माय चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "तुहं खरं हाये, सुमन." आणि पदराने डोळे पुसले. धुराने असेल, असं तुम्ही म्हणाला असतात.

एक गोष्ट बाईंनी मला नंतर सांगितली होती, मी एकटी त्यांना भेटायला गेले तेव्हा. मोठेपणीही हे बदलता येतं. मात्र वेळ लागतो, आणि जवळ एखादं माणूस लागतं, जे सोडून जाणार नाही.

मधूला ते माणूस मिळालं. कमल, त्याची बायको. तुम्ही तिला "ती धुळ्याकडची" म्हणायचात, तिच्या बोलीची नक्कल करायचात. तिने त्याला कधीही "वाईट" म्हटलं नाही. तो चिडून उठला तर ती म्हणते, "जा, फिरी या." तो जातो. केळीत जाऊन उभा राहतो, पाटाचं पाणी तोंडावर मारतो, आणि परत येतो. छबी झाल्यावर त्याने मला विचारलं होतं, "अक्का, पोर रडली का माह्या डोक्यात पत्र्याचं टिपाड वाजते. मी तिले मारलं तं?"

"मारलंस का कधी?"

"नाही. बाहेर जातो. मंग येतो परत." आणि मग लहान मुलासारखं विचारलं, "येतो ना मी परत?"

तुम्हाला कल्पना आहे का, आबा, हे किती अवघड आहे? जे त्याला मांडीवर शिकायला मिळायला हवं होतं, ते तो बावीस वर्षांचा झाल्यावर केळीच्या ओळीत एकटा उभा राहून शिकतो आहे. आणि शिकला आहे. छबी रडली की आता तो तिला खांद्यावर घेतो, ओट्यावर येरझाऱ्या घालतो आणि पुटपुटतो, "हाये मी, हाये मी." ती झोपली तरी त्याचं चालूच असतं.

अशा माणसाची मुलगी तुम्ही मागितलीत.

काल नदीवर काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल तर पाहिलं असेल. नसेल तर हे घ्या.

भटजींनी पिंड मांडले. वसंतने नमस्कार केला. पुरुष मागे सरकले. आम्ही बायका रीतीप्रमाणे लांब, बाभळीपाशी. कावळे आले, बाभळीवर बसले आणि बसूनच राहिले. पलीकडे दुसऱ्या कुणाचा दहावा होता, त्यांनी बुंदी ठेवली होती. तिकडे कावळे तुटून पडत होते. आपल्याकडे एकही येईना. वसंत म्हणाला, "आबा, मोटर मी नीट ठेवीन." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "आबा, मोठ्या मायले सांभाळू आम्ही." नाही. कुणी पिंडाजवळ चहा ठेवला. एक म्हातारे म्हणाले, "बुंदी ठेवा रे, आबा गोडखाऊ होते." ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

मग ते कुणीतरी बोललं, आणि सगळ्यांनी एकदम माना फिरवल्या. "मधू, तू बोल. आबांचा जीव पोरीत अडकेल हाये. म्हन, देतो म्हनून."

मधू पिंडासमोर एकटा उभा. सगळं गाव भोवती. "बोल ना रे. एक शब्द तं बोलायचा हाये." "बापासारखा मानूस होता." "आता तरी सुदर."

माझ्या शेजारी कमल उभी होती, छबी तिच्या कडेवर. तिने छबीला छातीशी आवळलं. हळूच म्हणाली, "अक्का, मनी पोर शे ती. मी कोनले देत नही." आणि मग, सगळ्यांच्या नजरा मधूवर बघून, "बठ्ठा लोक त्यालेच दखी र्‍हायनात. त्यास्ना चेहरा दखा."

मी पाहिला. तोच चेहरा. भिंतीला पाठ लावून बसलेला. हाताच्या मुठी वळलेल्या. तो कुणावर तरी धावून जाईल किंवा "देतो" म्हणून मोकळा होईल, यातलं काहीतरी आता घडणार होतं. त्याने धाव घेतली असती तर तुम्ही खरे ठरला असतात. "देतो" म्हणाला असता तर छबी गेली असती, कारण पिंडासमोर दिलेला शब्द कोण मोडणार?

मी बाभळीखालून निघाले. बायका तिथे जात नाहीत, मला माहीत आहे. मी मधूजवळ जाऊन त्याचा दंड धरला. म्हटलं, "हाये मी."

"सुमन, मांगे हो!" कोण ओरडलं ते मी पाहिलं नाही.

मी शालूकडे वळले. तीही बायकांत उभी होती, डोळे रडून सुजलेले. मी मोठ्याने विचारलं. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. "शालू, तू होतीस त्या घरात. मधू तुमच्याकडे होता तेव्हा कुठे झोपायचा?"

तिने पदर तोंडाला लावला.

"सांग ना. तूच त्याच्याजवळ झोपायचीस."

मग शालू म्हणाली, "भिंतीले लागून." आणि थोडं थांबून, "भिंतीवर हात ठेवून झोपे तो. हात काढला का उठे."

पलीकडच्या पिंडावरचे कावळे तेवढे ओरडत होते. मधू शालूकडे बघत राहिला. हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं, आबा. त्याच्या मुठी सुटल्या.

शालू पुढे आली. तुमची शालू, जिला मूल हवं आहे, जिच्यासाठी तुम्ही हे सगळं मांडलंत. ती पिंडासमोर आली, पदर सावरला आणि हात जोडून म्हणाली, "आबा, मले नाही पाहिजे." आणि भटजींना म्हणाली, "काका, दर्भाचा करा."

भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. तुमचं झालं.

आता गाव म्हणतं, सुमनने आबांना अडकवलं. म्हणू दे. मला एवढंच विचारायचं आहे, आबा: इतकी वर्षं मधू अडकून पडला होता, तेव्हा गावाचे कावळे कुठे होते? त्याच्यासाठी कुणी नदीवर थांबलं? कुणी विचारलं, पोरा, तुझं काय राहिलं?

तुमच्याबद्दल उद्या-परवा चांगलंच बोलतील. तेराव्याला मी येईन, पंगतीत वाढीन, मोठ्या मायजवळ बसेन. तुमच्या केळीचं कौतुक निघालं तर मीही मान हलवीन, कारण ते खरं आहे. पण कुणी "मधूच्या रक्तातच" म्हणालं, तर आता मी कप गोळा करून आत जाणार नाही. हे मी तुम्हाला आधी सांगून ठेवते.

काल घरी आल्यावर माय भाकरी थापायला बसली. छबी तिच्या मांडीला टेकून पिठात बोटं घालत होती. आणि मायने, तुमच्या त्या हुकुमाला इतकी वर्षं होऊन गेली तरी, दोन्ही हातांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या. आबा, तुम्ही एका दोन वर्षांच्या पोराची सवय मोडायला निघालात. ती मोडली नाही. त्याऐवजी ही सवय लावून गेलात.

मी तिच्यासमोर बसले आणि तिच्या बांगड्या एकेक करून मनगटावर खाली आणल्या. तिने हात ओढून घेतला नाही. मग तिने भाकरी थापली, आणि बांगड्या वाजल्या. मधू ओट्यावर होता. तो उठून आत आला आणि मायजवळ पाटावर बसला.

तुम्हाला शब्द हवा होता ना पिंडासमोर? हा घ्या माझा. आपल्या घरातलं कुठलंही लेकरू, छबी असो, उद्या वसंतचं असो, आईपासून तोडून रमवलं जाणार नाही. कुणी मागितलं, कुणाचा जीव त्यात अडकला, तरी नाही. ते रडलं तर त्याला उचललं जाईल. आणि माझ्या मायच्या बांगड्या आता मनगटावरच राहतील. वाजतील. तुमच्या भिंतीपलीकडे ऐकू जातील इतक्या.

तुमची पुतणी,
सुमन